लुआर नदी पहिल्यांदा बघताय? सांधे धरून बघा

फ्रान्सला नवीन आलेली आपली मुलं, आणि त्यांना भेटायला येणारे आईबाबा, लुआर म्हटलं की एकच गोष्ट करतात. पॅरिसहून एका दिवसाची बस टूर घेतात, दोन राजवाडे बघतात, ढीगभर फोटो काढतात आणि नदी खिडकीतून पाच मिनिटं दिसली तर दिसली. मीही पहिल्या वर्षी तेच केलं, उगाच कशाला खोटं बोलू. पण नंतर दोन वर्षं ऑर्लेआँला शिकायला होते, रोज ट्रामने नदी ओलांडायचे, आणि तेव्हा लक्षात आलं की ही बाई रोज वेगळी दिसते, जानेवारीत काठोकाठ तपकिरी आणि ऑगस्टमध्ये नुसती वाळू, मग हिला नीट समजून घ्यायचं तरी कसं?

मला जमलेली युक्ती सांगते. लांबीच्या मागे लागायचं नाही, सांधे बघायचे. सांधा म्हणजे जिथे नदी वळते, जिथे तिला दुसरी कोणी येऊन मिळते, जिथे समुद्राचं पाणी तिच्यात शिरतं. मधले शंभर-शंभर किलोमीटर सोडून दिलेत तरी चालतील, सांधे सोडू नका.

पायरी ०: नावाचा घोळ आधी मिटवा

हे वाचून हसाल, पण मी यात पैसे घालवलेत. पहिल्याच वसंतात वीकेंडला नदीकाठी राहायचं म्हणून शातो-दू-लुआर नावाच्या गावात खोली बुक केली, नावात शातो म्हणजे राजवाडा, नावात लुआर, अजून काय पाहिजे! तूरहून ल माँच्या लोकल ट्रेनने पोचले, बॅग टाकली आणि घरमालकीणबाईंना विचारलं नदी कुठल्या बाजूला. त्यांनी दाखवली. गावाबाहेर एक शांत, हिरवट, आपल्याकडच्या मोठ्या ओढ्याएवढी नदी, काठाला झाडं वाकलेली, दोन बदकं. मी म्हटलं एवढीशी? तेव्हा बाई म्हणाल्या की तुम्हाला 'ला' लुआर हवी होती का, ही 'ल' लुआर आहे.

म्हणजे आपल्या भाषेत सांगायचं तर ती लुआर वेगळी आणि तो लुआर वेगळा. उच्चार तंतोतंत एकच. स्पेलिंगच्या शेवटी 'ई' हे अक्षर असेल तर ती मोठी नदी, नसेल तर तो छोटा, जो पुढे सार्त नदीला मिळतो आणि शेवटी आँजेमार्गे मोठ्या लुआरमध्येच येतो. आणि गंमत बघा, ब्लुआ हे शहर मोठ्या लुआरच्या काठावर आहे, पण ते ज्या जिल्ह्यात आहे त्याच्या नावात छोटा लुआर आहे. त्यामुळे बुकिंग करताना नावावर जाऊ नका, मॅप उघडून निळी रेघ कोणती ते बघा. मोठ्या लुआरचं नाव सहा जिल्ह्यांच्या नावांत आहे, शिवाय लुआरे नावाचा जिल्हा आहे तो आणखी वेगळा, त्याच्याकडे येतेच.

पायरी १: कागदावर एक हात काढा

हो, खरंच काढा. डावा-उजवा कुठलाही, फक्त कोपरात वाकलेला. खांदा खाली, फ्रान्सच्या नकाशाच्या दक्षिणेला, मध्यापासून जरा उजवीकडे. तिथून दंड वर उत्तरेला जातो, कोपर ऑर्लेआँला, मग हात पश्चिमेला वळतो, मनगट नाँतला आणि बोटं अटलांटिकमध्ये. झाली लुआर. हजार किलोमीटरच्या थोडी वर लांबी, फ्रान्समधली सगळ्यात लांब नदी, आणि तिचं पाणलोट क्षेत्र साधारण १,१७,००० चौरस किलोमीटर, म्हणजे देशाच्या पाचव्या हिश्शाहून जास्त. महाराष्ट्राशी तुलना केली तर आपल्या राज्याच्या एक तृतीयांशाहून थोडं अधिक.

या हातावर सहा नावं लिहा: ल पुई, रोआन, नव्हेर, ऑर्लेआँ, तूर, नाँत. बाकीची गावं आपोआप मध्ये बसतात. (ल पुई शहर अगदी काठावर नाही, नदी त्याच्या पूर्वेने काही किलोमीटरवरून जाते, पण लक्षात ठेवायला बरं.)

अजून एक सवय लावून घ्या, डावा तीर-उजवा तीर. पाणी जिकडे जातंय तिकडे तोंड करून उभं राहायचं, मग आपला डावा तो नदीचा डावा. इथले लोक पत्ता सांगतानासुद्धा असं बोलतात, आणि पुढे पायरी ५ मध्ये हे माहीत नसेल तर काहीच कळणार नाही.

पायरी २: खांदा, म्हणजे उगम

उगम आर्देश जिल्ह्यात माँ जेर्बिए द जाँक नावाच्या डोंगराच्या पायथ्याशी. हा डोंगर ज्वालामुखीचा, घट्ट लाव्हा वर येऊन तिथेच थिजला तसा घुमटासारखा, उंची १,५५१ मीटर. पाणी बाहेर पडतं ते १,४०० मीटरच्या आसपास.

आता तिथे गेल्यावर गोंधळू नका, कारण उगम एक नाही, तीन आहेत. एक 'भौगोलिक', एक 'अस्सल' आणि एक 'खरा', प्रत्येकाची पाटी वेगळी. एक झरा तर एका जुन्या शेतघराच्या गोठ्यात आहे, आत शिरायचं आणि डोणीत पडणारी पाण्याची धार बघायची, मनगटाएवढी सुद्धा नाही. मी नाशिकची, त्र्यंबकेश्वरला ब्रह्मगिरीवर लहानपणापासून जाऊन आलेली, त्यामुळे तीन ठिकाणी उगम म्हटल्यावर मला काहीच विशेष वाटलं नाही, आपल्याकडेही गोदावरी वर एकदा उगम पावते आणि खाली कुशावर्तात परत. फ्रेंच मित्र मात्र कुठला खरा यावर अर्धा तास वाद घालत होते.

गोदावरीची आठवण अजून एका कारणाने येते. ब्रह्मगिरीपासून अरबी समुद्र जवळ, पण गोदा पाठ फिरवून बंगालच्या उपसागराकडे जाते. लुआरचंही तसंच, डोंगराच्या पलीकडच्या उतारावरचं पाणी रोन नदीत आणि तिथून भूमध्य समुद्रात जातं, हा समुद्र जवळचा, पण ही मात्र सगळा देश फिरून अटलांटिकला जाते. सुरुवातीला ती सुद्धा थोडी दक्षिणेकडेच निघते, मग रिउतोर गावापाशी वळून वायव्येला लागते. हा तिचा पहिला सांधा, मॅप झूम करून बघा, वळण स्पष्ट दिसतं.

आणि माणसाने इथे एक करामत केलीय. १९५० च्या दशकात माँपेझा इथे जलविद्युत प्रकल्प झाला, त्यात वरच्या लुआरचं काही पाणी अडवून बोगद्यातून पलीकडच्या उतारावर सोडतात, वीज करतात, आणि ते पाणी आर्देश नदीतून रोनला जातं. म्हणजे लुआरचं थोडं पाणी भूमध्य समुद्रात पोचतंच. कोयनेचं पाणी पश्चिमेला वळवतात ते माहीत असलेल्या माणसाला हे पटकन समजेल.

जायचं कसं: ट्रेन जात नाही. ल पुईपर्यंत ट्रेन, पुढे गाडी. हिवाळ्यात जाऊ नका, बर्फ आणि बोचरा वारा, रस्ते बंद असू शकतात. जून ते सप्टेंबर बरा.

पायरी ३: दंड, घळी आणि धरणं

हा भाग मी भराभर उरकते, कारण नवख्या माणसाने यात अडकू नये असं माझं मत आहे. नदी इथे घळीतून जाते, मग फोरेझच्या मैदानात येते, मग परत घळ, मग रोआन. मध्ये दोन धरणं लक्षात ठेवा, ग्राँजाँ (१९५७) आणि व्हिलरे, जे १९८० च्या दशकात झालं. ग्राँजाँच्या जलाशयात एका टेकडीचं बेट झालंय आणि वर जुना किल्ला, फोटोला झकास.

सगळ्यात स्वस्त सहल: सँतेतिएन ते ल पुई लोकल ट्रेन. बराच वेळ रूळ नदीच्या घळीतून जातात, खिडकीची जागा पकडा आणि फोन खिशात ठेवा.

पूर का येतो हे कळायला मात्र हाच भाग महत्त्वाचा. शरद ऋतूत भूमध्य समुद्रावरून दमट हवा येते, या डोंगरांना धडकते आणि एका रात्रीत प्रचंड पाऊस पाडते. २१ सप्टेंबर १९८० ला ल पुईजवळच्या ब्रीव्ह-शाराँसाक गावात अशाच पावसाने हाहाकार केला, माणसं गेली. त्यानंतर वर एक मोठं धरण बांधायचं ठरलं होतं, सेर द ला फार, पण पर्यावरणवाले जागेवर ठाण मांडून बसले आणि १९९० च्या दशकात सरकारने ते रद्द केलं. 'युरोपातली शेवटची रानटी नदी' असं जे तुम्ही ब्रोशरमध्ये वाचता ते बिरुद त्या आंदोलनाच्या आसपास रुजलं. खरं सांगायचं तर एवढी काही रानटी नाही ती, पुढे बघालच.

पायरी ४: नव्हेर, जिथे दोन नद्या बरोबरीने येतात

वेळ कमी असेल तर उगम सोडा पण हा सांधा सोडू नका. नव्हेरच्या थोडं खाली बेक दालिए नावाची जागा आहे, बेक म्हणजे चोच. डावीकडून आलिए नदी येते, ४०० किलोमीटरहून जास्त लांब, आणि पाणी जवळजवळ लुआरएवढंच. त्यामुळे कोण कोणाला मिळालं हा वाद इथेही चालतो. क्युफी गावाच्या बाजूने चालत जायची पायवाट आहे, टोकाला उभं राहिलं की समोर दोन पात्रं, मध्ये वाळूचे पट्टे, आणि वर कुठे पाऊस झालाय त्याप्रमाणे दोन पाण्यांचे रंग वेगळे. मी गेले तेव्हा आलिए गढूळ आणि लुआर त्यामानाने स्वच्छ होती, दोन्ही बराच वेळ शेजारी शेजारी वाहत होत्या, चहात दूध घालून ढवळायचं विसरल्यासारख्या.

जवळच ल गेताँ इथे एक कालवा आलिए नदीच्या वरून पुलावरून जातो. होय, नदीवर पूल आणि पुलावर पाणी आणि पाण्यात बोट. अशीच पण मोठी गोष्ट पुढे ब्रिआरला आहे, १८९६ चा पूल, ६६२ मीटर लांब, लुआरच्या वरून कालवा नेणारा, बाजूने दिवे आणि फिरायला फूटपाथ. कालवे का बांधले? कारण नदीत बोटी चालवणं म्हणजे डोक्याला ताप, वाळू सरकते, काल जिथे खोल होतं तिथे आज गुडघाभर. म्हणून नदीच्या शेजारून शिस्तीतलं पाणी नेलं. ब्रिआरहून निघणारा जुना कालवा तर १६४२ चा, त्याने लुआर आणि पॅरिसची सीन या दोन नद्या जोडल्या.

मध्ये पुयी-सुर-लुआर लागतं, तिथे नदीचा साधारण मध्य येतो, अर्धी झाली अर्धी राहिली. वाइन पिणारे इथे आणि पलीकडच्या साँसेरला थांबतात, न पिणाऱ्यांनी पुलावरून वाळूची बेटं बघावी.

पायरी ५: कोपर, ऑर्लेआँ

इथे मी जरा पाल्हाळ लावणार, माझं गाव आहे ते.

पहिला प्रश्न, उत्तरेला पॅरिसकडे निघालेली नदी इथून अचानक पश्चिमेला का वळते? पॅरिस इथून जेमतेम सव्वाशे किलोमीटर, मध्ये डोंगर नाही काही नाही, बोसचं सपाट गव्हाचं मैदान. भूगर्भवाले सांगतात की फार पूर्वी वरची लुआर सरळ उत्तरेला जाऊन सीनच्याच खोऱ्यात जायची, नंतर जमीन कलली आणि ती पश्चिमेला वळली. सीनच्या जुन्या थरांमध्ये दक्षिणेतल्या डोंगरांमधून आलेली वाळू सापडते हा त्याचा पुरावा.

या कोपरामुळेच ऑर्लेआँ श्रीमंत झालं. नदीचं पॅरिसला सगळ्यात जवळचं टोक हेच, त्यामुळे नाँतहून बोटीने आलेला माल इथे उतरायचा आणि पुढे बैलगाड्या-घोडागाड्यांनी राजधानीला. आणि बोटी उलट्या प्रवाहात वर कशा यायच्या? शिडाने. इथे वारा बहुतेक वेळा पश्चिमेचा, म्हणजे समुद्राकडून आत, वर यायला वारा आणि खाली जायला प्रवाह, दोन्ही फुकट. बोटी सपाट बुडाच्या, वाळूवर घासल्या तरी चालेल अशा. वाटेत जी वाइन आंबायची तिचं ऑर्लेआँमध्ये व्हिनेगर करायचे, अजूनही इथलं व्हिनेगर प्रसिद्ध आहे. मग १८४३ ला पॅरिसहून रेल्वे ऑर्लेआँला आली, १८४६ ला तूरला, १८५१ ला नाँतला, आणि थोड्याच वर्षांत बोटींचा धंदा बसला. पण तो पश्चिमेचा वारा सायकलवाल्यांना आजही भेटतो, ते पुढे.

दुसरी गंमत, ही टूरवाले कधीच दाखवत नाहीत. ऑर्लेआँच्या जरा वर नदीचं काही पाणी तळातल्या चुनखडीच्या भेगांतून जमिनीत मुरतं आणि शहराच्या दक्षिणेला परत वर येतं. जिथे वर येतं तिथून लुआरे नावाची नदी सुरू होते, बारा किलोमीटरच्या आसपास वाहते आणि परत लुआरला मिळते. म्हणजे लुआरे ही लुआरचीच लेक, आईच्याच पाण्याची. त्या झऱ्याला म्हणतात ल बुयाँ, म्हणजे उकळी, कारण पाणी खालून बुडबुडत येतं. तो पार्क फ्लोरालमध्ये आहे, ट्रामच्या ए लाइनने युनिव्हर्सिटीच्या स्टॉपवर उतरा. युनिव्हर्सिटीच्या भागाचं नावच ला सुर्स, म्हणजे उगम. मी तिथे सहा महिने राहून झाल्यावर मला कळलं की कशाचा उगम!

तर ऑर्लेआँला काय करायचं ते क्रमाने: स्टेशनवरून चालत खाली घाटावर या, जुन्या दगडी पुलावर मधोमध उभे राहा (ट्रामही त्यावरूनच जाते, सांभाळून), प्रवाहाकडे तोंड करा, डावा-उजवा तीर ओळखा, मग घाटाच्या भिंतीवर पुराच्या खुणा शोधा. १८४६, १८५६, १८६६, तीन मोठे पूर वीस वर्षांत, आणि खुणा तुमच्या डोक्याच्या बऱ्याच वर. आमच्या नाशिकला दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत पाणी आलं यावरून पूर मोजतात ना, गुडघ्याला लागलं, छातीला लागलं, अगदी तसंच, फक्त इथे मारुती नाही, दगडात रेघ.

पायरी ६: राजवाडे, पण कुठल्या नदीवर?

ऑर्लेआँच्या आसपास ज्याला सगळे 'लुआरचे राजवाडे' म्हणतात तो भाग सुरू होतो. सुली ते शालोन या पट्ट्याला २००० साली युनेस्कोच्या यादीत घेतलं. आता एक सत्य सांगते, त्यातले बरेच नावाजलेले राजवाडे लुआरवर नाहीतच. शाँबोर कोसाँ नावाच्या छोट्या नदीवर, शनोंसो शेर नदीवर (हो, नदीचं नाव शेर, डरकाळी नाही), आझे-ल-रिदो आँद्र नदीवर, शिनाँ व्हिएनवर. लुआरच्या काठावर खरोखर उभे आहेत ते सुली, ब्लुआ, शोमाँ, आँब्वाझ, सोम्यूर असे. नदी आणि राजवाडा एकाच फ्रेममध्ये हवा असेल तर आँब्वाझला जा, पूल ओलांडून पलीकडच्या काठावरून फोटो घ्या. लिओनार्दो दा व्हिंची १५१९ ला तिथेच वारला, त्याचं घर बघता येतं, पण तिकीट स्वस्त नाही.

मॅपवर अजून एक बघा. कोसाँ-बव्हराँ, शेर, आँद्र, व्हिएन, सगळ्या डाव्या तीराकडून येतात. उजव्या बाजूने नव्हेरपासून पार आँजेपर्यंत सांगण्यासारखी मोठी नदी येतच नाही. कारण दक्षिणेला जुने उंच डोंगर, उतार सगळा तिकडून. एवढं एक कळलं की नावं पाठ करावी लागत नाहीत.

या भागातला माझा आवडता सांधा काँद-सँ-मार्ताँ. व्हिएन तिथे लुआरला मिळते. संत मार्ताँ ३९७ साली याच गावात वारले आणि तूरच्या लोकांनी त्यांचं शव होडीतून नदीने वर नेलं असं सांगतात. चर्चच्या मागून चढण चढून वर जा, दम लागतो पण पाचच मिनिटं, खाली दोन नद्या, वाळूची जीभ आणि संध्याकाळी सगळं तांबूस.

आँजे मात्र लुआरवर नाही, मेन नदीवर आहे. ही मेन म्हणजे मायेन आणि सार्त एकत्र होऊन तयार झालेली, लांबी जेमतेम बारा किलोमीटर, शहर ओलांडलं की बुशमेनला लुआरमध्ये संपली. पण पाणी मात्र भरपूर आणते, आणि हो, तो छोटा लुआर इथूनच आत येतो.

पायरी ७: बांध, वाळू आणि जीव सांभाळणं

ही पायरी वाचल्याशिवाय पाण्यात पाय घालू नका.

सोम्यूरच्या आसपास गाडीने जाताना रस्ता उंचावरून जातो, एका हाताला नदी आणि दुसऱ्या हाताला घरांची छपरं तुमच्या टायरच्या पातळीला. तो रस्ता म्हणजे बांध आहे. मध्ययुगापासून लोक मातीचे बांध घालत आले, पूर आला की वाढवत गेले, नदीला आवळत गेले, आणि आवळलेली नदी फुटली की जास्त जोरात फुटते. १८५६ ला शंभराहून जास्त ठिकाणी बांध फुटले. म्हणून काही ठिकाणी मुद्दाम बांध खाली ठेवून सांडवा केलाय, ब्लुआला ला बुयी नावाच्या भागात सांडव्याच्या वाटेत उभी असलेली घरं विकत घेऊन पाडली, आता तिथे मोकळं रान आहे. एवढे बांध, वर धरणं, काठावर बेलव्हिल, दाँपिएर, सँ-लोराँ आणि शिनाँ अशी चार अणुवीज केंद्रं, आणि म्हणे रानटी!

उन्हाळ्यात उलटा प्रश्न. ऑर्लेआँला सरासरी प्रवाह सेकंदाला साडेतीनशे घनमीटरच्या आसपास, आणि कोरड्या ऑगस्टमध्ये पन्नास-साठ. तेव्हा व्हिलरे आणि आलिएकडचं नोसाक ही धरणं पाणी सोडून जिआँ गावापाशी साधारण साठ घनमीटर राखायचा प्रयत्न करतात, नाहीतर वीज केंद्रांना आणि नळांना पाणी पुरायचं नाही.

कमी पाणी बघून माणूस फसतो. वाळूच्या बेटावर चालत जाता येईल असं वाटतं, जातोही, आणि पुढच्या पावलाला वाळू खचते किंवा एकदम डोह लागतो, वर प्रवाह शांत दिसतो आणि खाली ओढ असते. बहुतेक गावांत पोहायला बंदी आहे, पाटी असते, ती वाचा. शिवाय एप्रिल ते ऑगस्टच्या मध्यापर्यंत या बेटांवर सुरय पक्षी अंडी घालतात, उघड्या वाळूत, दगडासारखी दिसतात, पाय पडला तरी कळत नाही. त्यामुळे त्या काळात बेटांवर जायचंच नाही.

वाळूवरून आठवलं, तूरचा मोठा दगडी पूल अठराव्या शतकातला, ९ एप्रिल १९७८ ला त्याच्या कमानी एकामागून एक कोसळल्या. वर्षानुवर्षं बांधकामासाठी वाळू उपसली, पात्र खाली गेलं, पुलाचा लाकडी पाया उघडा पडला. वाळू उपसा आणि पूल हे प्रकरण आपल्याकडच्या लोकांना वेगळं समजावून सांगायला नको. नंतर पूल परत बांधला आणि १९९० च्या दशकात पात्रातला उपसा बंद केला.

निघायच्या आदल्या दिवशी करायचं काम: व्हिजिक्रू नावाची सरकारी साइट उघडा, सकाळी १० आणि दुपारी ४ ला ताजी माहिती येते. हिरवा असेल तर निवांत, पिवळा असेल तर खालच्या घाटांवर गाडी लावू नका, केशरी-लाल असेल तर घरी बसा. माझ्या एका मैत्रिणीने पिवळ्याकडे दुर्लक्ष करून सायकल घाटावरच्या कठड्याला बांधली होती, सकाळी फक्त हँडल दिसत होतं.

सायकलवरून जाणार असाल तर नव्हेरजवळच्या क्युफीपासून समुद्रापर्यंत साधारण ९०० किलोमीटरचा आखलेला मार्ग आहे, बहुतेक सपाट. पण सगळे म्हणतात नदी उताराने जाते म्हणून सोपं, ते नाही. उतार जाणवतही नाही आणि वारा तोंडावर. दोन-तीन दिवसच असतील तर उलटं करा, ट्रेनने खाली तूर किंवा सोम्यूरला जा आणि वारा पाठीशी घेऊन वर या.

पायरी ८: मनगट आणि बोटं

नाँतला पोचलात की नदी राहत नाही, खाडी होते. समुद्र अजून पन्नासेक किलोमीटर लांब, पण भरती नाँतच्याही वर चढते. पूर्वी एवढी चढत नव्हती, बंदरासाठी पात्र खोल केलं आणि भरती आत घुसली. त्याबरोबर गाळ, पाणी चॉकलेटी. नाँतमध्ये एक घाटाची जागा निवडा, सकाळी बघा, सहा तासांनी परत बघा, मधला चिखलाचा पट्टा दिसतो की नाही ते बघा. पाणी समुद्राकडून आत वाहताना बघणं हा या शहरातला सगळ्यात स्वस्त कार्यक्रम.

शहरात फिरताना फेदो 'बेट' शोधलंत तर पाणी सापडणार नाही. १९२० आणि १९३० च्या दशकात नदीचे फाटे बुजवले, एर्द्र नदी बोगद्यात घातली, आणि बेटावरच्या जुन्या व्यापाऱ्यांच्या तिरक्या झालेल्या इमारती आता रस्त्याच्या मध्ये उभ्या आहेत. यातला बराच पैसा गुलामांच्या व्यापारातून आला, काठावर त्याचं स्मारक आहे, २०१२ चं, खाली उतरून बघावं लागतं, उतराच.

आणि हे सगळं ज्या जिल्ह्यात आहे त्याचं नाव १९५७ पर्यंत 'खालची लुआर' होतं. लोकांना ते कमीपणाचं वाटलं, मग 'अटलांटिक लुआर' केलं. बरोबरच आहे म्हणा.

शेवटचा सांधा बघायला दोन गोष्टी करा. एक, कुएराँहून ल पेलराँला जाणारी फेरी बोट घ्या. गाडीसकट, सायकलसकट, चालत, कसंही, फुकट आहे, काही मिनिटांत पलीकडे. ओहोटीला बोट प्रवाहात तिरकी होऊन जाते, भरतीला दुसऱ्या बाजूला तिरकी, त्यावरून पाणी कुठे चाललंय ते ओळखायचं. दोन, सँ-नाझेरचा पूल, १९७५ चा, ३,३५६ मीटर, मध्ये उंच चढलेला म्हणजे खालून जहाजं जातील. सायकलने चढायचं धाडस करू नका, वारा आडवा लावतो, बसने जा आणि डाव्या तीरावर सँ-ब्रेव्हाँला उतरा.

तिथे किनाऱ्यावर चिनी वंशाच्या एका कलाकाराने केलेला अजस्र सापाचा सांगाडा आहे, ॲल्युमिनियमचा, भरतीला अर्धा बुडतो. ओहोटीच्या वेळा बघून जा, नाहीतर शेपूटच दिसेल. मी गेले तेव्हा ओहोटी सुरू होती, आई नाशिकहून आलेली होती बरोबर, तिने चपला हातात घेतल्या, ओल्या वाळूत चालत पाण्यापर्यंत गेली, बोट बुडवून चाखलं आणि म्हणाली, "खारटच आहे गं, पण पूर्ण नाही."

तिथून समुद्राकडे बघत बसायला बाक आहेत, आणि शेवटची बस संध्याकाळी लवकर असते, वेळ आधी बघून ठेवा.